वाट्यावरची मांदेली

मी आज जो काही आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा माझ्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या बाईंचा. आईवडिलांना सोडून बोलतोय. त्यांचं धरायला गेलं तर हिशेबच बसत नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. वडील भातशेती करायचे आणि शेतात काम नसेल तेव्हा माणगावजवळच्या एका कारखान्यात कंत्राटावर जायचे. त्यांचा मुलगा आज माणगावलाच ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, हे बाईंमुळे. हे मी कुठेही, कोणालाही सांगतो. बाईंच्या बाबतीत मला आणखीही एक वाटत आलं, ते मात्र कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. मला बाईंच्या एका विद्यार्थिनीचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे, अगदी परवापरवापर्यंत.

दहावीनंतर मला अलिबागला आत्याकडे ठेवलं. आत्याचे यजमान कोर्टात शिपाई होते. अकरावी सायन्स सगळं इंग्रजीत, आणि माझी शाळा मराठी. पहिला महिनाभर मी नुसती मान हलवत बसलो. पुढच्या बाकावरचा मुलगा हलवायचा तेव्हा मी हलवायचो. 'अबंडन्स' हा शब्द शब्दकोशात पाहिला, तर 'भरपूरपणा' असं लिहिलेलं. पुस्तकात म्हणे एका समस्थानिकाचा अबंडन्स दहा टक्के. दहा टक्के म्हणजे भरपूर कसं, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली; इथे त्याचा अर्थ नुसतं प्रमाण, हे नंतर कळलं.

बाईंनी ते ओळखलं. आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी त्या कॉलेज सुरू होण्याआधी प्रयोगशाळेत एक तास घ्यायच्या. फी नाही, हजेरी नाही. झाडूवाल्या मावशींनी दार उघडलं की आम्ही आत. दोन लांब टेबलांभोवती मावतील एवढीच मुलं असू. कॉलेजात सगळे त्यांना मॅडम म्हणत. आम्ही सकाळची मुलं बाई म्हणायचो. त्या आधी मराठीत समजावत, मग तेच इंग्रजीत फळ्यावर लिहीत आणि म्हणत, "आता हे परक्याचं राहिलं नाही. उतरवून घ्या."

त्या तासाला रेवदंड्याची एक मुलगी यायची. पहाटेची पहिली रिक्षा धरून, मागे टोपल्यांच्या शेजारी बसून. घरची होडी होती आणि तिची आई अलिबागच्या बाजारात मासळी विकायला बसायची. बाई त्या बाजारात नेहमी तिच्या आईकडूनच मासळी घ्यायच्या. मी मात्र दिवाळीनंतर गावाहून परत येताना नव्या भाताचा तांदूळ पिशवीत आणला, तर बाई म्हणाल्या, "घरी लागेल तो. आत्याला दे." बाईंचं बरोबरच होतं. पण त्या दिवशी मी पिशवी परत नेताना मनात एकच होतं: तिच्या घरचं यांच्या स्वयंपाकघरात जातं, माझ्या घरचं जात नाही. ती मासळी त्या विकत घेतात, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

मग मॅग्नेशियमचा दिवस आला.

सरासरी अणुवस्तुमान शिकवत होत्या. एकाच मूलद्रव्याचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. मॅग्नेशियमचे शंभर अणू घेतले तर त्यांतले एकोणऐंशी चोवीस वजनाचे, दहा पंचवीसचे आणि अकरा सव्वीसचे. मग मॅग्नेशियमचं वजन किती म्हणायचं? तिन्ही आकडे मिळवून तिनाने भागायचं नाही. ज्याची संख्या जास्त, त्याचं म्हणणं जास्त. एकोणऐंशी गुणिले चोवीस, दहा गुणिले पंचवीस, अकरा गुणिले सव्वीस, सगळ्यांची बेरीज, भागिले शंभर. एवढं सांगून त्यांनी आम्हाला करायला दिलं.

माझं सगळ्यांत आधी झालं. चोवीस पूर्णांक बत्तीस. पुस्तकात चोवीस पूर्णांक एकतीस असतं, कारण आम्ही अणूंची वजनं पूर्ण आकड्यांत धरली होती. तेही मी खाली लिहिलं होतं. बाईंनी बरोबरची खूण केली, "बरोबर" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मी वहीकडे बघत बसलो. ती खूण फार छोटी वाटली.

तिच्या वहीपाशी बाई थांबल्या.

"एकवीस पूर्णांक ब्याऐंशी?" त्या म्हणाल्या. "अगं, यातला सगळ्यांत हलका अणू चोवीसचा. मग सगळे मिळून एकवीस कसे होतील?"

वर्ग हसला. ती उभी राहिली.

"बाई, ते दहा मी धरले न्हाईत."

"का नाही धरले?"

"ते सगल्यांत कमी हायत. ते वरचे."

"वरचे म्हणजे?"

"वाट्यावरचे," ती म्हणाली. आमच्या तोंडाकडे पाहून तिच्या लक्षात आलं की कोणालाच कळलेलं नाही. "म्हंजे आई ढीग करून वाटा लावते ना बोंबलाचा, कोलंबीचा. गिऱ्हाईक म्हनतं, कमी हाय, अजून टाक. मग आई वरून चार मांदेली टाकते, बारकी मासली. त्याचं पैसं न्हाय घेत. ते वाट्यात धरत न्हाईत."

वर्ग पुन्हा हसला, आता जास्त मोठ्याने. बाई हसल्या नाहीत. त्या स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि विचारू लागल्या. वाटा कोण लावतं? मोठी मासळी खाली का वर? वरचं टाकायचं हे आधीच ठरवलेलं असतं का? ती सुरुवातीला अडखळत, मग भराभर सांगत गेली. तो सगळा तास मासळीत गेला. शेवटी बाई म्हणाल्या, "आई पैसे घेत नाही, ठीक. पण मी पिशवी घेऊन घरी चालत जाते, तेव्हा ती चार मांदेली माझ्या हाताला लागतात की नाही?"

"लागतात."

"मग अणूचं वजन करताना आपण गिऱ्हाईक नाही, पिशवी. पिशवीला वरचं माफ नसतं." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि हेही लिहून ठेवा. चोवीस पूर्णांक बत्तीस वजनाचा एकही अणू जगात सापडणार नाही. तो आकडा एकट्याचा नाही, सगळ्यांचा मिळून आहे."

तेव्हापासून गणित कोणतंही असो, बाई म्हणायच्या, "वरची मांदेली धरली का?" पुढच्या वर्षीच्या मुलांना त्यांनी तो किस्सा सांगितला, त्याच्या पुढच्यांनाही. मी बारावीत असताना अकरावीची पोरं जिन्यात एकमेकांना विचारायची, "मांदेली धरली का रे?" आणि मी पायऱ्या भराभर उतरून जायचो. उत्तर माझं बरोबर होतं. चूक तिची होती. बरोबर उत्तराला खूण मिळते आणि चुकीच्या उत्तराला गोष्ट, हा कुठला न्याय?

मी त्यावर एक उपाय काढला. आज आठवलं की हसू येतं. बोरॉनचं गणित आलं, तेव्हा मी ते मुद्दाम चुकवलं. शंभरांत वीस अणू दहा वजनाचे, ऐंशी अकराचे. उत्तर दहा पूर्णांक आठ, हे मला दिसत होतं. मी लिहिलं दहा पूर्णांक पाच. कारणही तयार ठेवलं होतं, चांगलं आमच्या घरातलं.

बाईंनी वही पाहिली. माझ्याकडे पाहिलं. "हे काय?"

"बाई, आमच्याकडे नवा तांदूळ चिकट होतो, म्हणून जुन्यात मिसळतात. निम्मा जुना, निम्मा नवा. म्हणून मी दोन्हीचं निम्मं-निम्मं धरलं."

"तुझी आई खरंच निम्मा नवा घालते?"

बाईंसमोर मला आईबद्दल खोटं बोलता येईना. "नाही," मी म्हणालो. "चार वाट्या जुना, एक वाटी नवा."

"चारास एक," बाई म्हणाल्या. "म्हणजे ऐंशी आणि वीस. अरे, हे बोरॉनच झालं की. खरं उदाहरण घरात असताना खोटी चूक कशाला केलीस?" मग त्या आवाज उतरवून म्हणाल्या, "न झालेल्या चुकीतून मला काही शिकता येत नाही. उद्या सगळ्यांना ते तांदळाचं सांग."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. तांदळाचं मी कधीच सांगितलं नाही. बाईंनीही पुन्हा विचारलं नाही.

पुढे तिने सायन्स सोडलं. मी बी.एस्सी. केलं, मग एम.एस्सी., बी.एड. प्रत्येक निकाल मी आधी बाईंना कळवला, मग घरी. माणगावला नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन गेलो. बाईंनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "आता वर्गात मांदेली सांगशील ना?" मी हो म्हणालो. इतकी वर्षं शिकवतोय, एकदाही सांगितली नाही. दरवर्षी मॅग्नेशियमचं गणित येतं, दरवर्षी कोणीतरी पोरगं एखादा समस्थानिक विसरतं आणि मी फळ्यावर सूत्र पुन्हा लिहितो. माझा फळा नीटनेटका असतो. मुलांना मार्कही मिळतात.

गेल्या वर्षी बाईंचा फोन आला. त्या निवृत्त होऊन बराच काळ झालाय. मराठी माध्यमातून अकरावीत येणाऱ्या मुलांसाठी छोटं पुस्तक काढायचं त्यांच्या मनात होतं. त्यांचे जुने विद्यार्थी एकेक पाठ लिहिणार, पाठाखाली लिहिणाऱ्याचं नाव. "सरासरी अणुवस्तुमान तू लिही," त्या म्हणाल्या. "ते तुझ्याइतकं पक्कं कोणाचंच नव्हतं."

मी उभा होतो तो बसलो. त्या वाक्याची मी किती वर्षं वाट पाहत होतो, ते मला तेव्हा कळलं.

"आणि मांदेली घाल हं त्यात," बाई पुढे म्हणाल्या. "तिचं नाव घालून. श्रेय तिचं आहे. मात्र तिला विचारून घे."

म्हणजे पाठ माझा, पण गोष्ट तिची. मुलं लक्षात ठेवणार ती तिला. पाठाखालचं नाव कोण वाचतं?

मी आधी पाठ लिहिला तो मांदेलीशिवाय. स्वच्छ, मुद्देसूद. वाचून पाहिला, कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती आणि कुठे थांबावंसंही वाटत नव्हतं. मग एका रविवारी एसटी धरून रेवदंड्याला गेलो. तिने नाही म्हणावं, ही इच्छा मनात घेऊनच गेलो होतो.

ती आता नवऱ्याबरोबर सुक्या मासळीचा धंदा करते. घरामागे बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते आणि ती खाली बसून वाळलेल्यांच्या जुड्या बांधत होती. मला पाहून आधी ओळखलं नाही. मग डोळे बारीक करून म्हणाली, "बरोबर!"

"काय बरोबर?"

"तुझं नाव. तुला आम्ही बरोबर म्हनायचो, म्हायत न्हाय तुला? बाई वही बघायच्या आन् म्हनायच्या बरोबर, वही बघायच्या आन् म्हनायच्या बरोबर. मला जाम राग यायचा तुझा." नवऱ्याला हाक मारून म्हणाली, "अहो, ह्यो बघा, आमच्या वर्गातला बरोबर आलाय. च्या टाका."

मी येण्याचं कारण सांगितलं. तिचे हात थांबले.

"मांदेली घाल," ती म्हणाली. "नाव नको."

"बाईंची इच्छा आहे. कौतुकानेच…"

"बाईंचं कौतुक हाय, म्हायत हाय मला. दर दिवाळीला फोन करतात." हे मला नवीन होतं. मी दर दिवाळीला बाईंना फोन करतो. बाई तिला करतात. "पन तुला म्हायत हाय, मला काय म्हनायचे ते?"

माहीत होतं. एकवीस. सगळा वर्ग म्हणायचा. मला ते मानाचं नाव वाटायचं आणि त्याचाही हेवा वाटायचा.

"एकवीस," ती म्हणाली. "जिन्यात एकवीस, कॅन्टीनला एकवीस. पुढं पुढं रिक्षावाला पन म्हनायचा, चला एकवीस, बसा. वर्ग हसला त्या दिशी मी घरी जाऊन रडले. आईला वाटलं कोनी हात लावला. मी सांगितलं, तुझ्या मांदेलीमुले. आई म्हनते, मग उद्यापासून वर टाकू नको का?" ती स्वतःच हसली. "सायन्स सोडलं ते त्याच्यामुले न्हाय. घरी मानूस लागत होता. पन सोडताना वाईट पन वाटलं न्हाय. बाईंना ह्यातलं काय सांगू नको हां. त्यांना लागंल."

मी चहा प्यालो. निघताना अर्धा किलो बोंबील घेतले. तिने काटा बरोबर केला आणि मग वरून जवळा मूठभर टाकला.

"हे धरलंस का?" मी विचारलं.

"वरचं हाय रे ते," ती म्हणाली. "घे गुमान."

रोह्यावरून माणगावच्या गाडीत बसलो, पिशवी मांडीवर. मला आनंद व्हायला हवा होता. तिने नाव नाही म्हटलं होतं, माझ्या मनासारखं झालं होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट माझ्या हातात आली होती. मी बाईंना एक वाक्य लिहिलं असतं, "बाई, तुमच्या किश्श्याने ती रडली होती," तर मांदेली पुस्तकातून गेली असती आणि बाईंच्या मनातूनही. त्यानंतर उरलं असतं ते माझं 'बरोबर'. मी गाडीत बसून ते वाक्य दोन-तीन प्रकारे जुळवूनही पाहिलं, अगदी हळुवार शब्दांत, जणू तिच्याच काळजीने. प्रत्येक वेळी वाक्य छान व्हायचं आणि माझं मला कळायचं की हे काळजीतून आलेलं नाही. ज्या किश्श्याचा मी एवढी वर्षं हेवा केला, त्याची किंमत तिने रडून मोजली होती. आणि तरीही, खरं सांगतो, दिवाळीच्या फोनचं ऐकलं होतं तेवढं मनातून जाईना.

घरी येऊन पाठ पहिल्यापासून लिहिला. मांदेली आत आली तेव्हा कुठे पाठाला जीव आला. मग मला बोरॉन आठवलं.

हे सगळं इथे लिहिण्याआधी तिला फोन करून विचारलं. बाई वाचतील हेही सांगितलं. ती म्हणाली, "आता लिही. पोरगी अकरावीला गेली माझी, सायन्सच घेतलं. परवा मीच बाईंना फोन करून सगलं सांगितलं." पण पाठ लिहिला तेव्हा ते बाईंना माहीत नव्हतं. तेव्हा मी पाठासोबत त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं.

*

तीर्थस्वरूप बाईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाठ सोबत पाठवतो आहे. उदाहरण मॅग्नेशियमचंच घेतलं आहे आणि मांदेली त्यात आहे.

मी रेवदंड्याला जाऊन आलो. ती मजेत आहे. मासळी घाला, पण नाव नको, असं तिचं म्हणणं आहे. तुम्ही पुन्हा विचारलंत तर तिला नाही म्हणणं जड जाईल, म्हणून कृपा करून विचारू नका. "जिच्या घरी मासळीचा वाटा लावतात अशी एक विद्यार्थिनी" एवढंच मी लिहिलं आहे. एकवीस पूर्णांक ब्याऐंशी हे उत्तर ठेवलं आहे, पण वर्ग हसला हे लिहिलेलं नाही. त्याऐवजी मुलांना प्रश्न विचारला आहे: उत्तर सगळ्यांत हलक्या अणूपेक्षाही हलकं आलं, तर काय धरायचं राहिलं असेल?

दुसरं उदाहरण बोरॉनचं आहे. जुना तांदूळ चार वाट्या, नवा एक वाटी. या वेळी आईला विचारून घेतलं, प्रमाण तेच आहे. तुम्ही मला हे दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायला सांगितलं होतं. उशीर झाला.

बाई, मला त्या मांदेलीचा फार हेवा वाटायचा. तुम्हाला ते तेव्हाच कळलं असणार. पाठ लिहिताना कळलं की तिच्याशिवाय माझा पाठ नुसता बरोबर होता.

तिचं नाव तिच्या सांगण्यावरून काढलं. पाठाखाली माझं नाव मात्र राहू द्या. वडिलांना दाखवायचं आहे. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा छापणाऱ्यांना सांगून नाव जरा ठळक करता आलं तर पाहावं.

तुम्ही तिला दिवाळीला फोन करता, असं समजलं. माझा नंबर तोच आहे.

आपला विद्यार्थी